आधी किल्लीकडे बघा

नमस्कार,
दोन महिन्यांपूर्वी लॉक पिकिंगचा, म्हणजे किल्लीविना कुलूप उघडायचा, नाद लागला. पिकांचा, म्हणजे त्यासाठीच्या बारीक हत्यारांचा, भलामोठा संच मागवला, सोबत सरावाचं एक पारदर्शक कुलूप आलं. ते पहिल्याच संध्याकाळी उघडलं आणि मी हरखून गेले. मग माळ्यावर पडलेलं जुनं लोखंडी कुलूप काढलं. त्याची किल्ली गोल दांडीची आहे, टोकाला चौकोनी पत्रा. तेव्हापासून रोज बसते, पण त्यात एक पिन जागेवर बसेल तर शपथ. पुतण्या म्हणतो, "काकू, हे तुझ्या हातचं काम नाही." माझ्या बोटांतच काही कमी आहे का? वापरलेल्या, बिनकिल्लीच्या वीस कुलपांचा ढीग स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का? की घराच्या दाराच्या कुलपावरच सराव करू? ते तर रोज समोरच असतं.
एक हट्टी वाचक

प्रिय वाचक,

तुमच्या बोटांत काही कमी नाही. जी पिन तुम्ही इतके दिवस शोधताय, ती त्या कुलपात बहुतेक नाहीच. गोल दांडी आणि टोकाला चौकोनी पत्रा अशी किल्ली असेल, तर ते लीव्हरचं कुलूप असणार. त्याच्या आत स्प्रिंगने दाबून धरलेल्या धातूच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. किल्ली फिरली की तिचा पत्रा प्रत्येक पट्टीला ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. सगळ्या पट्ट्यांमधल्या खाचा एका ओळीत आल्या की बोल्टवरचा, म्हणजे कुलूप अडवून धरणाऱ्या दांड्यावरचा, खुंट त्या वाटेने पुढे सरकतो आणि कुलूप सुटतं. असलं कुलूपही किल्लीविना उघडता येतं, पण त्याची हत्यारं निराळी आणि जोर लावायची जागाही निराळी. तिथे जोर बोल्टवर द्यावा लागतो. तुमच्या संचातल्या पातळ टेन्शन रेंचचा, म्हणजे किल्लीच्या भोकात घालून पीळ द्यायच्या पट्टीचा, तिथे काही उपयोग नाही. हे पुतण्याला जरूर वाचून दाखवा.

ही गफलत फार जणांची होते, कारण सरावाचं कुलूप निवडताना आपण कुलूपच न्याहाळत बसतो. वजन किती, कडी किती जाड, दिसायला दणकट की किरकोळ. कडी जाड असेल तर ती कापायला वेळ लागेल, पिकिंगशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याला जे कळायला हवं ते जवळजवळ सगळं किल्लीवर असतं. म्हणून कुठलंही कुलूप घेण्याआधी किल्ली हातात घ्या आणि उजेडात नीट बघा.

सपाट पातं आणि एका कडेला दाते असतील, तर बहुधा ते पिन टम्बलर कुलूप, म्हणजे आत स्प्रिंगने दाबलेल्या छोट्या उभ्या पिना असलेलं. तुम्हाला हवं ते हेच. लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात ज्या सपाट किल्लीच्या सिलिंडरचे, म्हणजे किल्ली जिथे बसते त्या दंडगोल भागाचे, पेटंट घेतले, त्याची आतली रचना आजही तीच आहे, त्यामुळे एका कुलपावर शिकलेलं पुढच्या शंभर कुलपांवर कामाला येतं. दोन्ही कडांना सारखेच दाते असतील आणि कुलूप टेबलाच्या खणाचं असेल, तर आत पिनांऐवजी वेफर नावाच्या पातळ पट्ट्या असू शकतात. ती लवकर उघडतात, पण हाताला वेगळंच काही शिकवतात. पात्याच्या सपाट अंगावर गोल खळगे दिसले तर ते डिंपल कुलूप. आणि पातं अर्धगोल, त्यावर तिरके काप असतील तर फिरत्या चकत्यांचं. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ साली काढलेली आणि पुढे अब्लॉय या नावाने प्रसिद्ध झालेली ती जात. डिंपल आणि चकत्यांची कुलपं सध्या राहू द्या, त्यांना वेगळी हत्यारं लागतात.

किल्ली सपाट आणि दातेरी आहे हे पाहिलंत की तिच्यावरच्या खाचा मोजा. जितक्या खाचा, सहसा तितक्या पिना. पहिल्या कुलपाला चार उत्तम, पाचही चालतील. दोन किंवा तीन पिनांचं कुलूप सोपं असणार असं वाटतं, पण ती बहुधा प्रवासी बॅगेची इवलीशी कुलपं असतात. त्यांचं किल्लीचं भोक इतकं अरुंद असतं की पिक आणि टेन्शन रेंच दोन्ही आत गेल्यावर हलायला जागाच उरत नाही. पिना कमी असूनही नवख्या माणसाला ती छळतात. म्हणून कुलूप साधारण ४० मिलिमीटर रुंद घ्या. काही कंपन्या हे माप नावातच देतात. अबस ५५/४० मधला ४० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी.

मग खाचांची खोली बघा. माझ्या मते कुलूप निवडताना याहून मोलाची दुसरी खूण नाही, आणि नेमकं तिकडेच कोणी बघत नाही. कुलपात प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक उभ्या असतात. खालची किल्लीला टेकणारी की पिन, तिच्यावर ड्रायव्हर पिन, आणि तिच्या डोक्यावर स्प्रिंग. किल्लीबरोबर जो पितळी गाभा फिरतो, त्याची कड जिथे संपते ती शिअर लाइन. दोन पिनांमधली फट बरोबर त्या रेषेवर आली की ती पिन वाट सोडते. किल्लीवरची खाच खोल असेल तर की पिन लांब असते, ती जराशी उचलली की काम होतं. खाच उथळ असेल तर की पिन आखूड, तिला बरंच वर न्यावं लागतं.

आता समजा, किल्लीच्या मुठीजवळ एक खोल खाच आहे आणि तिच्या पलीकडे, टोकाच्या बाजूला, एक उथळ खाच. म्हणजे कुलपाच्या तोंडाशी एक लांब पिन वाटेत लोंबतेय, आणि तिला धक्का न लावता तिच्या मागच्या आखूड पिनेला तुम्हाला उंच ढकलायचंय. पिकाची मान नकळत पुढच्या पिनेला लागते, ती रेषेच्या वर जाऊन अडकते, आणि आपण समजतो की मागची पिन बसत नाहीये. हाताची सवय झाल्यावर हे जमतं, पण सुरुवातीला अशी किल्ली नको. ज्या किल्लीच्या खाचांची खोली जवळपास सारखी आहे, दाते डोंगरदऱ्यांसारखे वरखाली जात नाहीत, असं कुलूप घ्या. दुकानात एकाच जातीची तीन-चार कुलपं असतील तर सगळ्यांच्या किल्ल्या मागून घ्या आणि शेजारी शेजारी धरून बघा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन कुलपांत अवघड-सोप्याचा फरक इथे पडतो.

किल्लीच्या पात्यावरच्या लांब पन्हळीही बघून ठेवा. त्या जितक्या खोल आणि नागमोडी, तितकं किल्लीचं भोक वेडंवाकडं. पहिल्या कुलपाचं भोक शक्य तितकं सरळ आणि मोकळं असू दे.

आता तुमच्या त्या पारदर्शक कुलपाबद्दल. ते टाकून देऊ नका, पण त्यावर आणखी वेळही घालवू नका. पिना, स्प्रिंग, गाभा हे एकदा डोळ्यांनी बघायला ते चांगलं आहे. माझी हरकत अशी की ते डोळ्यांना शिकवतं आणि बोटांना फसवतं. खऱ्या कुलपातली भोकं कधीच एका ओळीत अचूक पडलेली नसतात. यंत्राच्या हातून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका का होईना, फरक राहतोच. त्या फरकामुळे गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. आधी एक घट्ट होते, ती बसली की दुसरी, मग तिसरी. आपली सगळी कला त्या एका घट्ट पिनेला ओळखण्यात आहे. प्लॅस्टिकच्या कुलपात भोकं ऐसपैस असतात, भिंती किंचित लवतात, त्यामुळे कुठलीही पिन कशीही ढकलली तरी ते उघडतं. घट्ट पिन आणि सैल पिन यांतला फरक त्यात जेमतेम लागतो. पहिल्या संध्याकाळी तुम्हाला जो आनंद झाला तो खराच होता, पण त्या कुलपाने तुमच्याकडून फारसं काही मागितलं नव्हतं.

पत्र्याचे थर एकावर एक ठोकून केलेली लॅमिनेटेड कुलपंही थोडीफार तशीच. मास्टर लॉक कंपनीचं ३ नंबरचं कुलूप हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं, चार पिनांचं. ते नुसत्या रेकच्या, म्हणजे नागमोडी टोकाच्या पिकाच्या, घासाघाशीनेही बरेचदा सुटतं. उमेद यावी म्हणून एकदा उघडायला हरकत नाही. पण आतला ढिलेपणा इतका असतो की पिन बसल्याचा टिक असा स्पष्ट ठोका बोटाला लागत नाही.

म्हणून पहिलं कुलूप घट्ट, भरीव पितळेचं, चार किंवा पाच साध्या पिनांचं, बरी बनावट असलेलं घ्या. अगदी हलक्या प्रतीचं नको. हलक्या कुलपात स्प्रिंग कमजोर, भोकं खरबरीत, पिना अधूनमधून आपोआप अडकणाऱ्या. चूक आपली की कुलपाची हेच कळत नाही, आणि शिकणाऱ्याचं याहून मोठं नुकसान नाही.

एक सावधगिरीची सूचना. मास्टर लॉकचं १४० नंबरचं कुलूप वरच्या वर्णनात चपखल बसतं: पितळी, ४० मिलिमीटरचं, चार पिनांचं. पण त्यात स्पूल पिना असतात. स्पूल पिन म्हणजे दोऱ्याच्या रिळासारखी, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये कंबर बारीक असलेली ड्रायव्हर पिन. ती मुद्दाम पिकिंग करणाऱ्याला चकवायला घातलेली असते. कुलूप छान आहे, तुमच्याकडे पुढेमागे असावंच, पण पहिलं म्हणून नको.

दुसरी खरेदी करा ती पुन्हा पिना भरता येणाऱ्या सिलिंडरची. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर मी यावर घालायला सांगेन. सरावासाठी बनवलेल्या अशा सिलिंडरला प्रत्येक भोकावर एक छोटा स्क्रू असतो. तो काढला की स्प्रिंग, ड्रायव्हर पिन आणि की पिन बाहेर येतात. हवी ती पिन, हव्या त्या जागी, हव्या त्या संख्येने भरता येते. एकच सिलिंडर एका पिनेचं कुलूपही होतं आणि सहा पिनांचंही.

पहिल्या दिवशी त्यात एकच पिन ठेवा. हे बालिश वाटेल, तरी करा. रेंचला अजिबात जोर न देता पिन वर ढकला: स्प्रिंगचा मऊ दाब लागेल. मग हलका पीळ देऊन तीच पिन ढकला: आता ती रेटा घेईल, आणि एका क्षणी टिक करून बसेल, गाभा फिरेल. मऊ आणि घट्ट यांतला हा फरक तुमच्या बोटांना अजून कोणी दाखवलेलाच नाही. मग दोन पिना. आता कुठली आधी घट्ट होते ते शोधा आणि लिहून ठेवा. पीळ उलट्या दिशेने देऊन पुन्हा शोधा. बरेचदा क्रम उलटा झालेला सापडेल, कारण आता भोकांच्या दुसऱ्या कडेला पिना अडकताहेत. हे एकदा स्वतःच्या हाताने अनुभवलंत की पुढे कुठल्याही कुलपापुढे तुम्ही अंधारात चाचपडणार नाही. तिसरी, चौथी पिन त्यानंतरच.

हे काम उंच काठाच्या ताटात किंवा जाड टॉवेलवर करा. त्या स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात आणि उडाल्या की सापडत नाहीत.

जोराबद्दल एवढंच की तो तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्याने कमी करा. रेंचवरच्या बोटाचं टोक पांढरं पडत असेल तर जोर जास्त आहे, मग सगळ्याच पिना एकदम घट्ट वाटतील. मोठ्या संचातली बहुतेक पिकं बाजूला ठेवा. एक आखूड हुक (टोक वर वळलेलं पिक), एक मध्यम हुक आणि वेगवेगळ्या जाडीचे दोन-तीन रेंच यांवर तुमचं पुढचं सगळं शिक्षण होईल.

आता त्या बिनकिल्लीच्या ढिगाबद्दल. घेऊ नका. निदान आत्ता नको. किल्ली नसली की कुलूप धड आहे की मोडकं हे तपासायची सोयच नाही. आत गंज असेल, एखादी स्प्रिंग तुटलेली असेल, कोणी आधीच पिक मोडून ठेवलं असेल. तुम्ही आठवडाभर झगडाल आणि शेवटी स्वतःला दोष द्याल. शिवाय खाचा बघायला किल्लीच नाही, म्हणजे निवड करायचा मार्गच बंद. अनुभवी माणसाला असा ढीग म्हणजे मेजवानी असते, कारण त्याला न उघडणारं कुलूप आणि न उघडू शकणारं कुलूप यांतला फरक हाताने कळतो.

आणि खरं सांगायचं तर या विद्येत वीस कुलपं एकेकदा उघडण्यापेक्षा एक कुलूप पुन्हा पुन्हा उघडणं जास्त शिकवतं. १८५१ साली लंडनला मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा अमेरिकेहून आलेल्या अल्फ्रेड चार्ल्स हॉब्स यांनी ब्रामा कंपनीचं ते प्रसिद्ध आव्हानाचं कुलूप उघडलं. कित्येक दशकं ते दुकानाच्या खिडकीत २०० गिनींच्या बक्षिसासह टांगलेलं होतं. हॉब्स त्याच एका कुलपापाशी १६ दिवसांत मिळून ५१ तास बसले. त्याच वर्षी चब कंपनीचं नावाजलेलं लीव्हर कुलूप त्यांनी सुमारे २५ मिनिटांत उघडलं होतं. तेव्हा ५१ तास लागले ते काही हात कच्चा होता म्हणून नव्हे. आत काय चाललंय ते समजून घ्यायला तेवढा वेळ लागतो म्हणून. तुमचे दोन महिने कुठल्याही हिशेबाने जास्त नाहीत. फक्त ते चुकीच्या कुलपावर गेले.

दाराच्या कुलपाला मात्र हात लावू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. वापरात असलेल्या कुलपावर सराव करायचा नाही आणि जे आपलं नाही, किंवा ज्याच्या मालकाने स्पष्ट होकार दिलेला नाही, त्याला पिक लावायचं नाही, हे दोन नियम जगभरचे हौशी पिकर पाळतात. दुसऱ्याचं कारण सांगायला नको. पहिल्याचं सांगते. पिकाचं टोक आत मोडलं की किल्ली जात नाही, आणि तुम्ही दाराबाहेर. गाभा पिकाने फिरवत अर्ध्या वर्तुळापर्यंत नेला तर काही कुलपांत किल्लीच्या भोकाची उघडी कड वरच्या पिनांखाली येते आणि ड्रायव्हर पिना त्यात खाली पडतात. मग गाभा पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. सरावाच्या सिलिंडरमध्ये हे झालं तर वरचे स्क्रू काढून सगळं बाहेर घेता येतं. दारात झालं तर कारागीर बोलवावा लागतो. आणि मोडलं नाही तरी पिकाच्या रोजच्या घासण्याने पिना झिजतात, कुलूप हळूहळू अडकायला लागतं. भाड्याच्या घराचं, कचेरीतल्या लॉकरचं, शेजाऱ्यांच्या फाटकाचं कुलूप तर विचारातही नको.

जाता येता पिकं पर्समध्ये ठेवायची सवय असेल तर राहता त्या ठिकाणचा कायदा आधी वाचा. बऱ्याच देशांत ही हत्यारं बाळगायला मनाई नाही, पण सगळीकडे तसं नाही. जपानमध्ये योग्य कारणाशिवाय ती जवळ ठेवणं २००३ पासून गुन्हा आहे.

साधं पितळी कुलूप सलग, न चिडता, प्रत्येक पिन ओळखून उघडता यायला लागलं की सिलिंडरमधल्या एकाच साध्या ड्रायव्हर पिनेच्या जागी स्पूल पिन घाला. गाभा काही अंश फिरेल आणि थबकेल. उघडलं असं वाटेल, पण उघडलेलं नसेल. यालाच फॉल्स सेट म्हणतात: स्पूलची बारीक कंबर रेषेवर अडकलीय. आता रेंचवरचा जोर किंचित सैल करत ती पिन हळूच वर ढकला. गाभा थोडा उलटा, मागे येताना बोटाला जाणवेल. त्याला तेवढं मागे येऊ द्या, जोर पूर्ण सोडू मात्र नका, नाहीतर बसलेल्या बाकीच्या पिनाही खाली येतील. एका स्पूलची सवय झाली की दोन करा, आणि मगच ते १४० नंबरचं कुलूप विकत घ्या. अमेरिकन लॉक या कंपनीचं ११०० मालिकेतलं कुलूप त्याच्याही पुढचं. त्यात स्पूलबरोबर दातेरी पिनाही असतात आणि प्रत्येक दात्यावर पिन बसल्याचा भास होतो. त्याचा गाभा कुलूप उघडल्यावर बाहेर काढता येतो, म्हणून कुठे चुकलं ते नंतर पिना हातात घेऊन तपासता येतं. १४० तुम्हाला ओळीने, नशिबावर न विसंबता उघडायला लागेपर्यंत त्याची घाई करू नका.